उपाशीपोटी लिहिलेलं

एक गंभीर बाब जाहीर करायची आहे. वयस्करांनी भिंतीला टेकून बसावं, ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी सकाळची गोळी घेतल्याची खात्री करावी, आणि कुणीही मध्येच उठून चहा टाकायला जाऊ नये. बाब अशी, की जगातले प्राचीन धर्मग्रंथ ज्यांनी लिहिले, त्यांतले निम्म्याहून अधिक लोक लिहिताना उपाशी होते.

हा शोध कुठल्या विद्यापीठात लागलेला नाही. तो अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात, बोंबील साफ करता करता लागला. शोध लावणाऱ्या बाई आमच्या घरमालकीण. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी आणि माझी बायको नीता त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. गावठाण म्हणजे काचेच्या ऑफिसांच्या मधोमध उरलेलं जुनं खेडं; गल्ल्या अशा, की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने मुकाट्याने मागे जायचं. वस्ती ख्रिस्ती, पण इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. घरात बोलणं मराठी. पूर्वी भातशेती, आता विमानतळावर नोकऱ्या. चर्चला ही मंडळी देऊळ म्हणतात. मी लालबागेत वाढलेला, आजोबा आणि वडील गिरणीतले, गाव सावंतवाडीकडचं. ‘देऊळ’ ऐकल्याबरोबर पहिल्याच दिवशी मी चपला कुठे काढायच्या असं विचारलं. खोली सोडेपर्यंत गल्लीत माझी ओळख ‘चपलावाला’ अशीच राहिली.

बाईंना सगळे आंटी म्हणत, आम्हीही. त्या मला ‘वरच्या’ म्हणत.

“ए वरच्या, खाली ये. वाचायचं हाय.”

आंटी देवळातल्या वाचक होत्या. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे देवळातल्या सामुदायिक प्रार्थनेला, पवित्र पुस्तकातला एक उतारा कुणीतरी वेदीजवळ उभं राहून मोठ्याने वाचायचा असतो. ती पाळी आंटींकडे आली की शनिवारी संध्याकाळी तालीम होई, आणि तालमीचा एकमेव प्रेक्षक मी. मीच का, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगून टाकलं.

“फादरना पाठ हाय. आमच्या लोकांना ऐकायची सवय हाय, म्हणजे ते ऐकतच नाय. तू कोरा. तुला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं.”

दृश्य असं असे. पॅसेजच्या पायरीवर आंटी, पुढ्यात मासळीची परात. बाजूच्या स्टुलावर ते पुस्तक, प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. पानं उलटायचं काम माझं, कारण त्यांचे हात माशाचे. आणि डोक्यावर विमानतळ. दर थोड्या वेळाने एक विमान कौलांना पोट घासल्यासारखं खाली उतरे. तेव्हा आंटी सुरी धरलेला हात वर करत आणि जिथे असतील तिथे थांबत. कुणी प्रेषित संतापून काहीतरी भयंकर सांगण्याच्या बेतात असे, शहर बेचिराख होणार असे, आणि त्याला दुबईचं विमान जाईपर्यंत तोंड उघडं ठेवून उभं राहावं लागे. विमान गेलं की सुरी खाली, आणि शहर बेचिराख.

वाचून झालं की परीक्षा. अर्थ विचारत नसत. बोध तर नाहीच. त्यांचा प्रश्न एकच.

“आता सांग. हा जेवलाय का?”

म्हणजे हे ज्याने लिहिलं तो माणूस. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारी माझी फिरकी घेते आहे. तसं नव्हतं. त्या पुस्तकातलं प्रत्येक पान हे कुणीतरी एका दिवशी, कुठेतरी बसून, कुणावर तरी चिडून किंवा कुणासाठी तरी रडून लिहिलेलं आहे, हे त्यांना इतकं सरळ दिसे की इतरांना का दिसत नाही याचंच त्यांना नवल वाटे. देव सांगतो आणि माणूस उतरवून घेतो, हे त्यांना मान्य होतं. “पण उतरवून घेणाऱ्याचं पोट दुखत नसेल काय?”

त्यांचे निकाल मला अजून आठवतात. कुठली मासळी खायची आणि कुठली वर्ज्य याची लांबलचक यादी देणारा – “हा भरल्या पोटाचा. उपाशी माणूस असली यादी करत नाय, तो मिळेल ते खातो.” पिढ्यान्‌पिढ्यांची नावं मोजणारा – “रेशनिंग ऑफिसात होता.” सगळं व्यर्थ आहे, वारा पकडण्यासारखं आहे असं म्हणणारा – “पैसा लई, दुपार मोकळी. बायको बोलत नसणार.” आणि दूरदूरच्या गावांना पत्रं धाडणारा, आधी सगळ्यांना नावं ठेवून शेवटी प्रत्येकाला नाव घेऊन सलाम सांगणारा, तो तर त्यांच्या बोरिवलीच्या मामाचा सख्खा भाऊ शोभला असता. मामाचीही पत्रं अशीच येत म्हणे. जमिनीवरून शिव्या, मग ‘थोरल्या काकीला नमस्कार’.

एकदा माझी आई राहायला आली होती. आंटींनी तिलाही पायरीवर बसवलं. “तुमच्यातलं काय म्हणा.” आईने हात जोडून रोजचं स्तोत्र म्हटलं, शेवटच्या फलश्रुतीसकट. हे रोज म्हणणाऱ्याला काय काय मिळेल ते. आंटींनी मला अर्थ विचारला. मी सांगितला.

“म्हणजे तुमच्यात शेवटी गॅरंटी कार्ड हाय,” आंटी म्हणाल्या. “आमच्यात नाय. म्हणून आमचे लोक देवाशी जास्त भांडतात.”

आई रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “गॅरंटी असून भांडायचं राहिलंच हो आमचं.”

माझे वडील गिरण्या बंद पडल्यावर कसे गेले हे मी आंटींना सांगितलेलं नव्हतं. आईनेही सांगितलं नाही. आंटींनी विचारलं नाही. परातीतले दोन मोठे बोंबील बाजूला काढून तिच्यासमोर ठेवले. आई शनिवार पाळायची. त्या दिवशी पाळला नाही.

हे झालं आधीचं. आता मागच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय आंटी म्हणजे नुसती करमणूक होईल, आणि त्या करमणूक नव्हत्या.

मागच्या खोलीत त्यांचा मुलगा पास्कल होता. विमानतळावर कार्गोत कामाला, खांदे रुंद, बोलणं मोठं. जिना चढताना मला हाक मारून क्रिकेटचा स्कोअर सांगायचा, मी विचारलेला नसताना. त्याची मुलगी लिझा बालवाडीत जायची. पावसाळ्यानंतरच्या तापात ती गेली. डेंग्यू. सकाळी हॉस्पिटलात नेली तेव्हा चालत गेली होती, असं नीता सांगते. नीतानेच तिला गल्लीच्या तोंडापर्यंत हात धरून सोडलं होतं.

नवव्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे रोज संध्याकाळी प्रार्थना असते. शेजारपाजारची माणसं जमतात. प्रार्थना सांगायला फिलोमिनाबाई, समोरच्याच घरातल्या, गावठाणातल्या प्रत्येक मयताला सर्वांत आधी पोचणाऱ्या. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी पास्कलचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “बाळा, देवाला त्याच्या बागेत फूल हवं होतं.”

पास्कल म्हणाला, “मग दुसरीकडून तोडायचं.”

त्यानंतर तो बोलला नाही. बोलणं सोडलं म्हणजे नाटकात सोडतात तसं नव्हे. मान हलवायचा. पाणी हवं असलं तर ग्लास पुढे करायचा. नोकरी गेली. बायको वसईला माहेरी गेली. भांडण नव्हतं, पण एकमेकांकडे पाहिलं की दोघांनाही तीच दिसायची. तो मागच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर पडून असे. पॅसेज आणि ती खोली यांच्यामध्ये एक लाकडी पार्टिशन. भेटायला येणारे पॅसेजमध्ये बसत आणि पार्टिशनकडे तोंड करून धीराचे शब्द सांगत. धीराचे शब्द सुरू झाले की पलीकडे खाट कुरकुरे. तो भिंतीकडे तोंड करून वळला, एवढंच त्यातून कळे.

“फिलोमिनाला बोलू नको काय,” आंटींनी मला बजावलं. मी बोलणार होतो. “तिचा पहिला पोर पोटातून आला तो मेलेलाच. तेव्हा तिला हेच सांगितलं होतं, फुलाचं. तिनं गिळलं. तिला पचलं. ह्याला नाय पचलं.”

त्या नाताळात आंटींच्या दारात कागदाचा तारा लागला नाही. घरात वर्षाच्या आतलं दुःख असलं की लावत नाहीत. शेजारच्या दोन्ही घरांनीही आपले लावले नाहीत, आणि फिलोमिनाबाईंनी लावलेला काढून आत नेला. गल्लीचा तेवढा तुकडा काळोखात राहिला. पलीकडे ऑफिसांच्या काचांवर नुसती रोषणाई.

आंटींची वाचनाची पाळी येत राहिली आणि त्या जात राहिल्या. पण आता त्या ते पुस्तक वेगळ्या रीतीने चाळत होत्या. हरवलेल्या माणसाला गर्दीत शोधावं तसं. त्यांना या सगळ्या लिहिणाऱ्यांत एक असा हवा होता, ज्याने धीर दिलेला नाही. सोपं नव्हतं ते. जुन्या स्तोत्रांत रडणारे पुष्कळ, पण त्यांची एक खोड. वीस ओळी रडतील, हाडं मोडली म्हणतील, शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं म्हणतील, आणि शेवटच्या दोन ओळींत डोळे पुसून देवाचे आभार मानतील.

“बघ,” आंटी म्हणत, “हा पण वळला. कुणीतरी ताट आणून दिलं असणार मध्येच.”

मग एका शनिवारी हाक आली. पाळी नव्हती, मासळी नव्हती. आंटी नुसत्याच पायरीवर बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर. “ऐक,” म्हणाल्या, आणि वाचायला लागल्या.

ते स्तोत्र मी इथे देत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांनी ते असं वाचून मिळवू नये. एवढंच सांगतो की ते वळत नाही. माणूस देवाला हाका मारतो, विचारतो, तू तोंड का लपवलंस. उत्तर येत नाही. शेवटची ओळ काळोखाची आहे, आणि तिच्यानंतर काही नाही. पुढच्या पानावर दुसरंच कुणीतरी दुसरंच काहीतरी गात असतं.

वाचताना दोन विमानं गेली. आंटींनी दोन्ही वेळा हात वर केला. वाचून झाल्यावर मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत बसलो. तो आला नाही.

“हा नाय जेवला,” त्या स्वतःच म्हणाल्या. “कित्येक दिवस.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पूर्ण वेळ पलीकडे खाट वाजली नव्हती.

त्या रात्रीचं ताट मागच्या खोलीतून रिकामं आलं, असं आंटींनी नीताला सांगितलं, आणि कुणाला सांगू नको म्हणाल्या, दृष्ट लागते. ख्रिस्ती माणसांना दृष्ट लागते का, असं नीताने मला माडीवर येऊन विचारलं. त्या घरात त्या वर्षी काहीही लागत होतं.

मग ते रोजचंच झालं. दिवेलागणीला आंटी पायरीवर बसून तेच स्तोत्र वाचत. पास्कलला उद्देशून नाही. आवाज चढवून नाही. भाजी निवडताना शेजारणीची हकिगत सांगावी तसं. मी ऑफिसातून आलो की शेवटच्या काही ओळींना पोचायचो, तिथेच जिन्यात टेकून उभा राहत असे. एकदा त्यांनी प्रयोग म्हणून दुसरं वाचलं, आभार मानणारं. खाट कुरकुरली. ताट भरलेलं परत आलं.

“बघितलंस?” आंटी म्हणाल्या. “आभार मानले की ताट परत.”

पण बोलला नाही तो. आठवडे गेले, महिने गेले. तो जेवायचा आणि बोलायचा नाही. आंटी वाळत चालल्या होत्या. एका संध्याकाळी वाचून झाल्यावर मला हळूच म्हणाल्या, “वरच्या, मी ह्याला बाहेर काढते हाय, का मीपण आत जाते हाय?” मी पुस्तक मिटलं.

याच काळात त्यांनी तो प्रकार केला, ज्याची गावठाणात अजून कुजबुज होते. तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

मिस्सा कुणाच्या तरी आत्म्यासाठी अर्पण करतात. नाव आधी देऊन ठेवायचं. देवळाच्या दारातल्या फळ्यावर ते खडूने लिहिलं जातं. आंटी एका सकाळी फादरांकडे गेल्या. भाजीची पिशवी धरायला मी बरोबर. फादर तरुण, वसईचे, स्कूटरवर बसण्याआधी हेल्मेट दोनदा तपासणारे, सज्जन.

“मिस्सा लावायची हाय,” आंटी म्हणाल्या.

“लिझासाठी ना, आंटी?”

“तिची वर्षाची ठरलीच हाय. ही दुसऱ्यासाठी. त्या स्तोत्रवाल्यासाठी.”

फादरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत पाहिलं.

“आंटी, ते पवित्र लेखक आहेत,” फादर अगदी प्रेमाने म्हणाले. “त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करत नाही. त्यांच्या शब्दांनी आपण प्रार्थना करतो.”

“म्हणजे त्याला कोणी विचारलंच नाय अजून.”

“काय विचारलं नाही?”

“कसा हाय म्हणून.”

“आंटी, त्याला जाऊन हजारो वर्षं झाली.”

“मग लई उशीर झाला. उद्याची सकाळची लावा.”

फादरांनी नाही म्हटलं. आंटी उन्हात उभ्या राहिल्या. फादरांनी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी फळ्यावर आलं ते असं : ‘एका दुःखी मनुष्यासाठी’.

आता, गावठाणात फळा सगळे वाचतात. दुःखी मनुष्य कोण, यावर दुपारपर्यंत गल्लीत एकमत झालं – फिलोमिनाबाईंचा नवरा. त्याला कधी कुणी हसताना पाहिलं नव्हतं. पुढचा आठवडाभर लोक त्याला रस्त्यात थांबवून खांद्यावर हात ठेवत होते. तीन घरांतून मटण आलं. कुणीतरी त्याला बाटली दिली, तीही फिलोमिनाबाईंच्या देखत, आणि त्या काही बोलू शकल्या नाहीत. इतका सुखी माणूस मी त्या वर्षात दुसरा पाहिला नाही.

हे मी आंटींना रंगवून सांगितलं. त्या हसल्या. पार्टिशनपलीकडून नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. मग त्यांनी पुस्तक ओढलं आणि वाचायला लागल्या, कारण त्यांना आता कशाचीही खात्री करून घ्यायची भीती वाटत होती.

लिझाची वर्षाची मिस्सा जवळ आली. आंटींना एकच हवं होतं : पास्कलने त्या दिवशी देवळात यावं. वर्षभरात तो गल्लीच्या तोंडापर्यंतही गेला नव्हता. “मुलीच्या वर्षाला बाप आला नाय, तर मग तो कशालाच येणार नाय,” त्या म्हणत. “मग ती खोलीच त्याची कबर. मी मेले की त्याला पाणी पण कोण देणार?” आणि तरी त्याला ‘ये’ म्हणायला त्या तयार नव्हत्या. ‘ये’ म्हणणं म्हणजे पुन्हा धीराचे शब्द. त्याऐवजी त्यांनी ठरवलं, की त्या दिवशी वाचन तेच करायचं. एक ओळ न गाळता. देवळात असं वाचतात हे त्याला कळू दे, मग त्याचं तो बघेल.

त्यासाठी फादर घरी आले. मला वाटलं, मोठा तमाशा होणार. मी नीताला म्हटलं, चहा तू टाक, मला हलायचं नाही. तमाशा झाला नाही. फादर पायरीवर आंटींच्या शेजारी बसले.

“वाचा,” ते म्हणाले. “मी प्रवचन देणार नाही त्या दिवशी. पण एक विचारू? शेवटची ओळ तेवढी सोडू या का? सून येईल वसईहून. तिचे आईवडील असतील. त्यांना काळोखावर सोडून देऊ नये असं वाटतं.”

“नाय, फादर. शेवटची ओळ काढली की तो बरा झाला असं वाटतं. तो बरा नाय झाला.”

“लोक रडतील.”

“वर्षभर लोक ह्याला गप्प करतात. एक दिवस रडले तर रडू दे.”

एक विमान गेलं. मग फादर म्हणाले, “मीही वाचतो ते कधीकधी. मोठ्याने वाचायची हिंमत झाली नाही अजून. पण एवढं लक्षात घ्या आंटी, हे सगळं तो देवालाच सांगतो आहे. उठून निघून गेलेला नाही.”

आंटींनी मान हलवली. “भांडतो म्हणजे बोलतो तरी. तेवढं खरं हाय. आमचा पलीकडचा तेवढं पण करत नाय.”

“शेवटची ओळ राहू दे,” फादर म्हणाले. पार्टिशनपलीकडे काही हललं नाही. सगळं ऐकू जात होतं. ते घर तसंच होतं.

मिस्सेच्या दिवशी आंटींनी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला लावून ठेवला आणि काही न बोलता निघाल्या. फिलोमिनाबाई दारात वाट पाहत होत्या. त्यांनी विचारलं, “मी काय करू गं?” वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी कुणाला असं विचारलं असेल. आंटी म्हणाल्या, “तू नुसती माझ्या बाजूला बस. बोलू नको.” त्या बसल्या, आणि बोलल्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा मोठा उपवास होता.

मी आणि नीता शेवटच्या बाकावर. उभं कधी राहायचं आणि गुडघे कधी टेकायचे हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. सगळे बसले की मी उभा, आणि सगळे उभे राहिले की मी गुडघ्यांवर. पुढच्या बाकावर सून, वसईची माणसं. तिच्या शेजारची जागा मोकळी ठेवली होती. प्रत्येक जण दर थोड्या वेळाने त्या जागेकडे पाही आणि पाहिलं नाही असं दाखवी.

आंटी वेदीजवळ गेल्या. चष्मा लावला. घरी वाचत तशाच वाचायला लागल्या, आवाज न चढवता. माणसं आधी सवयीने ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती. मग बाकांवरची कुजबुज थांबली. सुनेने डोकं वर केलं. कुणाचं तरी मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. मध्यावर आल्या असतील, एवढ्यात वरून विमान आलं. आंटींनी हात वर केला. सगळं देऊळ थांबलं. गावठाणाला सवय आहे.

त्या थांबण्यात बाजूचं दार उघडलं.

पास्कल होता. दाढी छातीपर्यंत, पायात घरातल्या रबरी चपला. शर्ट तोच पांढरा, पण आता दोन माणसं मावतील असा. तो आत आला नाही. चौकटीला हात टेकून उभा राहिला. ज्यांनी पाहिलं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं नाही. तेवढं शहाणपण त्या दिवशी सगळ्यांना कुठून आलं कोण जाणे. आंटींनी पाहिलं. विमान जाऊन बराच वेळ झाला तरी त्यांचा हात वरच होता.

मग हात खाली आला आणि त्या पुढे वाचायला लागल्या. आवाज बदलला होता. प्रत्येक शब्द जपून, हातात काचेचं काही असल्यासारखा. त्या खाली पाहून एक ओळ वाचत आणि वर दाराकडे पाहत, तो आहे ना याची खात्री करत. पुन्हा खाली, पुन्हा वर. शेवटाजवळ आल्या. वर पाहिलं. या वेळी खाली पाहिलंच नाही. पुस्तकावर सबंध तळवा ठेवला, जणू त्याखाली काही झाकायचं होतं, आणि घाईने वाचनाचा शेवटचा ठरलेला शब्द म्हणून टाकला.

माणसं सवयीप्रमाणे देवाला धन्यवाद म्हणायला तोंड उघडत होती. आंटी स्टँडवरून वळल्या. तेव्हा दारातून, वर्षभर न वापरलेल्या, गंजलेल्या आवाजात, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं तो म्हणाला,

“माय, शेवटची ओळ खाल्लीस तू.”